खमीर घातलेली मूठ

तीर्थस्वरूप दादा,

वयाने मी तुमच्याहून थोडा मोठा, पण नात्याने तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, म्हणून नमस्कार मीच वाकून करतो. (खरोखर वाकलो होतो. कंबर धरली, त्यामुळे पत्राला बसायला जरा उशीर झाला.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची नवी कवळी बसली का नीट, की अजून खिशातच ठेवता? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, भट्टी बरी आहे, मांजराला पिल्लं झाली, तीही बरी आहेत. सगळं खुशाल असल्याचं आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तुमचा रक्तदाब चढू नये.

तुमची चिठ्ठी मिळाली. "घरात रिव्हॉल्व्हर आल्याचे व बहिणीचे हात लाल असल्याचे कळले. खुलासा करावा." एवढंच. दादा, तुमच्या चिठ्ठ्या मला फार आवडतात, एक शब्द वाया जात नाही. पण ज्या कोणी तुमच्या कानी हे घातलं (मला ठाऊक आहे कोण, पण मी कोणाचं नाव घेत नाही, मुरांब्याची बरणी परत न करणाऱ्या बाईचं तर मुळीच नाही), तिनं अर्धवट सांगितलं. रिव्हॉल्व्हर आहे, हे खरं. हात लाल होते, हेही खरं. पण दोन्ही खरं असलं तरी तुम्हाला वाटतं तसं नाही. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. सगळं मुळापासून सांगतो. मला थोडक्यात सांगता येत नाही आणि तुम्हाला थोडक्यातच ऐकायला आवडतं, तरी आपलं इतकी वर्षं बरं जमलं, तेव्हा आणखी एक पत्र तुम्ही सोसाल.

तुमची बहीण बेकरीच्या मागच्या पायरीवर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, हे तुम्ही जाणताच. तेव्हा तुम्ही धावत आला होता आणि त्या पायरीला रागावला होता. मनगट पुढे जुळलं. पण मधलं बोट पुरतं वाकेना आणि हात थरथरायला लागला, हे तिनं तुम्हाला कळू दिलं नाही. केकवर नावं लिहिणं बंद पडलं. तुम्हाला कल्पना नसेल दादा, आमच्याकडे लोक केकसाठी येत नव्हते, तिच्या अक्षरासाठी येत होते. केक मी करतो, आणि मी करतो तसे केक कोणीही करू शकतो, हे मी तुम्हाला सांगतो, गिऱ्हाइकांना सांगत नाही. मग नावं मी लिहायला लागलो. एका आजोबांच्या वाढदिवसाला अर्धं नाव केकवर आणि अर्धं खालच्या पुठ्ठ्यावर आलं. केक कापल्यावर आजोबा अर्धेच उरले, असं त्यांच्या सुनेनं येऊन मला ऐकवलं. तुमची बहीण हे सगळं गल्ल्यावर बसून गुपचूप बघायची. ती बोलायला लागली की मला सोसत नाही हे तुम्ही जाणता, पण ती गप्प बसली की मला त्याहून सोसत नाही.

अशात गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबचा वार्षिक समारंभ आला आणि त्यांचा केक पोचवायला आम्ही दोघं गेलो. तिथे एक वस्ताद आहेत. सगळे त्यांना वस्तादच म्हणतात. माणूस वाळक्या लाकडासारखा, बोलणं तुमच्या चिठ्ठ्यांसारखं. त्यांनी केक पाहिला, अक्षर पाहिलं (माझं), तोंड वाकडं केलं आणि विचारलं की पूर्वी कोण लिहायचं. तुमच्या बहिणीनं हात दाखवला. वस्तादांनी त्या हातात एक रिकामं रिव्हॉल्व्हर दिलं आणि म्हणाले, समोर धरा. तिनं धरलं. आणि दादा, तो हात ठरला! जो हात चहाची कपबशी वाजवत आणायचा तो हात जागच्या जागी थांबला. का ते मला विचारू नका. वस्तादांचं म्हणणं, वजनामुळे. माझं म्हणणं, तुमच्या घराण्यातला हट्ट. पण त्या दिवशी घरी येताना ती वाटभर बोलत होती आणि मी वाटभर ऐकत होतो, आणि मला इतकं बरं वाटलं की घराचं वळण चुकून आम्ही पुढे निघून गेलो.

तेव्हापासून ती तिथे जाते. क्लबचा चौघांचा संघ आहे, तो दरवर्षी मोठ्या सामन्याला जातो. यंदा एक जागा रिकामी झाली. वस्ताद म्हणाले, निवड चाचणीला उतरा. फक्त नियम असा की चाचणीत आणि सामन्यात ज्यानं त्यानं आपापलं हत्यार आणायचं, क्लबची सामायिक हत्यारं सरावापुरती. तिनं मला हे सांगितलं ते भांडी पुसता पुसता, जणू काय पाव किती उरले ते सांगते आहे. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हाही मागितलं नाहीच. पण मला कळलं. (मला उशिरा कळतं, पण कळतं.) नव्या भट्टीसाठी जे बाजूला टाकलं होतं ते मी काढलं. जुनी भट्टी अजून चांगली कुरकुरते आहे, कुरकुरणारी गोष्ट लवकर मरत नाही. मी म्हटलं, हात आखडायचा नाही, बाजारात जे सर्वांत उत्तम असेल ते घ्यायचं.

आधी परवाना. चौकशीला एक साहेब बेकरीत आले. शेजारच्या चपलांच्या दुकानात विचारलं, यांच्या घरात भांडणं होतात का? तो म्हणाला, होतात, पण एकाच बाजूनं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, बायकोपासून जिवाला काही धोका? मी म्हटलं, साहेब, आजवर तोंडानंच भागलं आहे, हत्याराची गरज पडलेली नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं. परवाना मिळाला, म्हणजे माझं म्हणणं त्यांना पटलं असावं.

मग दुकान. हत्यारांचं दुकान म्हणजे मला वाटलं होतं काही तरी भयंकर असेल, पण आत सोनाराच्या पेढीसारखी शांतता, मखमलीचे खण आणि कोट घातलेला, दबक्या आवाजात बोलणारा दुकानदार. तुमच्या बहिणीनं आत पाऊल टाकताच सर्वांत स्वस्त कोणतं ते विचारलं. मी तिला बाहेर घेऊन गेलो, फूटपाथवर उभं करून समजावलं आणि परत आत आणलं. मग मी सूत्रं हाती घेतली. मी घरून पिठाचा काटा नेला होता. (बेकरीवाला कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय घेत नाही. मी तुमच्या बहिणीला पाहायला आलो तेव्हा काटा नव्हता, एवढाच अपवाद.) दुकानदारानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं. मला एक रिव्हॉल्व्हर पसंत पडलं. नळीवर सोनेरी वेलबुट्टी, दस्त्यावर शिंपल्याचं काम, दोन्ही बाजूंना पक्षी. मी म्हटलं, हेच! दुकानदारानं विचारलं, साहेब, कपाटात ठेवायचं आहे की नेम धरायचा आहे? मला हा प्रश्न आगाऊ वाटला, पण तुमची बहीण हसली, म्हणून मी सोडून दिलं.

मग तिनं एकेक हातात घेतलं. डोळे मिटायची आणि चाप ओढायची. रिकामंच असायचं, तरी मी दर वेळी शोकेसच्या मागे सरकत होतो. असं किती तरी वेळ चाललं. शेवटी एक करडं, अगदी साधं, नक्षी ना काही, असं उचललं, चाप ओढला आणि डोळे उघडून म्हणाली की हा सुटतो ते कळतच नाही, क्रीमच्या कोनातून थेंब सुटावा तसा सुटतो. दुकानदार पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. म्हणाला, बाईंना कळतं. ते हातानं जुळवलेलं, खास नेमबाजीचं, दुकानातलं सर्वांत महाग हत्यार निघालं. साधेपणाला एवढे पैसे पडतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, पण सर्वांत महाग म्हटल्यावर माझाही जीव शांत झाला.

आता खरी गोष्ट. एकच अडचण होती, त्याची मूठ तिच्या हातासाठी मोठी. त्यात ते न वाकणारं बोट. दुकानदार म्हणाला, परगावी एक कारागीर आहे, हाताचा ठसा पाठवला की अक्रोडाच्या लाकडाची मूठ घडवून देतो. तुमची बहीण म्हणाली, कशाला, मी घेईन जुळवून. जुळवून घेण्यातच तिचा जन्म गेला (माझ्याशी), तेव्हा मी ठरवलं की हिला न सांगता ती मूठ करून घ्यायची. रिव्हॉल्व्हर अजून दुकानातच होतं, दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन त्याची जुनी मूठ बदल्यात देऊन टाकली आणि ठशाच्या मऊ मातीचा डबा घेऊन आलो. तो भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला. सकाळी मातीची वीट झाली होती. पण मी काय डगमगणारा माणूस आहे? माती नसेल, बेकरीत पीठ कधी कमी पडलं आहे का! परातीतला एक गोळा उचलला, तिच्या हातात दिला आणि म्हटलं, जरा घट्ट आवळून बघ, सैल वाटतंय. तिनं आवळला आणि म्हणाली, पीठ ठीक आहे, तुम्हीच सैल झाला आहात. मी तो तसाच अलगद डब्यात घातला, झाकण बसेना म्हणून दोरी बांधली आणि डबा रवाना केला. इतकं चोख काम मी क्वचितच केलं आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मूठ आली. सोबत कारागिराची चिठ्ठी: "माप मिळाले. उघडताना झाकण उडाले. गिऱ्हाईक भक्कम दिसते, त्या मानाने लाकूड जाड वापरले आहे." मी चिठ्ठीचा अर्थ लावत बसलो नाही. चाचणी तोंडावर आली होती. मी मूठ रंगीत कागदात बांधली आणि चहाच्या वेळी तिच्यापुढे ठेवली. तिनं उघडली. हातात धरली. बोटं पलीकडे पोचेनात. दादा, ती मूठ तुमच्याही हाताला सैल झाली असती. तिनं शांतपणे विचारलं, माप कसं दिलं? मी सांगितलं. कुठलं पीठ? पावाचं. सकाळचं? हो. म्हणजे खमीर घातलेलं? सारा जन्म माझा पिठात गेला, दादा. पीठ ठेवलं की फुगतं, हे मी गिऱ्हाइकांच्या पोरांना समजावून सांगतो. ती मैद्याच्या पोत्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसू थांबलं आणि पाणी थांबलं नाही. जुनी मूठ दुकानदारानं विकून टाकली होती, कारागिराच्या हातात आधीची कामं होती. माझ्यामुळे तिची एवढी एक गोष्ट जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मला इतकी लाज वाटली की मी भट्टीत तोंड घालून उगाच राख काढत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीत आलो तर तुमची बहीण कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसलेली. मला म्हणाली, अहो, लहान झाली असती तर फेकावी लागली असती. मोठी आहे, म्हणजे माझ्या हाताला लागेल तेवढी आत आहेच, वरची काढायची फक्त. मग तिनं काय करावं? केकचा लाल रंग घेतला, तळहाताला फासला आणि मूठ आवळली. जिथे रंग लागला तिथे लाकूड नडतं आहे, तेवढं घासायचं. परत रंग, परत आवळायचं, परत घासायचं. रोज दुपारी भट्टी निवत असताना हेच. न वाकणाऱ्या बोटासाठी तिनं एक वेगळी खाच केली, तशी खाच कुठल्याही कारागिरानं केली नसती, कारण ते बोट कसं दुखतं हे त्याला कुठून कळणार? आणि अशाच एका दुपारी ती (बरणीवाली) बाई बिस्किटं घ्यायला आली. तिनं पाहिलं ते असं: माझ्या बायकोचे दोन्ही हात लाल, हातात हत्याराची मूठ, आणि मी पोत्यावर आडवा. मी झोपलो होतो! रिव्हॉल्व्हर तर घरात नव्हतंच, ते क्लबच्या तिजोरीत असतं. पण बाई बिस्किटं टाकून पळाली. तुमच्याकडे बातमी पोचली ती एवढीच.

चाचणीचा दिवस. मीही गेलो. तिथे कानांवर गुबगुबीत झाकणं घालायला देतात, त्यामुळे आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मी मनातल्या मनात "शाब्बास" म्हणत होतो, ते मनातल्या मनात नव्हतं असं नंतर कळलं. वस्तादांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि सायकलींच्या छपराखाली उभं केलं. तिथून काही दिसत नव्हतं. आतून नुसते आवाज. कुठला तिचा, कुठला चाचणीला उतरलेल्या विमावाल्या गृहस्थांचा (त्यांच्याकडे वेलबुट्टीचं आहे, पक्ष्यांसकट, आणि त्यांना वाटत होतं जागा त्यांचीच), काही कळेना. मी काय काय नवस बोललो ते इथे लिहीत नाही, फेडायला जमणार नाहीत. मग आवाज थांबले. पुष्कळ वेळानं ती बाहेर आली, रिव्हॉल्व्हरची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घेतलं मला. मागून विमावाले आले, त्यांनी विचारलं, बाई, ही मूठ कुठून आणली? ती म्हणाली, घरची आहे. मला रडू आलं, दादा. सायकलींना धरून रडलो. का लपवू? आता सामन्याची तारीख लागली आहे, आणि आमच्याकडे पुन्हा कपबशी वाजते आहे ती आनंदानं.

तर खुलासा हा असा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची कवळी खिशात असेल तर काढून ठेवा, बसताना चावेल.

तुमच्या बहिणीचा, आणि म्हणून तुमचाही, आज्ञेतला,
बेकरीवाला मेहुणा

ता. क. एवढ्या लांबलचक पत्रात मी तुमच्या लेकीच्या लग्नाबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. चिठ्ठीबरोबर पत्रिका होती, ती मिळाली. मनापासून आनंद झाला. तारीखही वाचली. दादा, सामना त्याच दिवशी आहे. तुमच्या बहिणीनं पत्रिका वाचली, कपाळाला लावली आणि म्हणाली, सामन्याचं वस्तादांना नाही म्हणून कळवते. आई गेल्यावर दादानं मला वाढवलं, त्याच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला आत्या नाही म्हणजे काय? एवढं बोलली आणि गप्प बसली. ती गप्प बसली की माझं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

ता. क. दुसरा. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही तिला चांगलं खरमरीत पत्र लिहा की लग्नाला यायचं नाही. आमंत्रण परत घ्या. कारण काहीही द्या, तुमच्या रागाला कधी कारण लागलेलं नाही. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. लग्नाचा केक घेऊन मी एकटा येतो. आत्याचे सगळे मान मी घेईन, आत्याच्या जागेवर बसेन, फोटोत उभा राहीन, पोरीला निरोप देताना दोघांच्या वाटचं रडेन. सामना मला बघायला मिळणार नाही, पण तसंही ते मला सायकलींपाशीच उभं करतात. हे मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा (अक्षर बघून ओळखशीलच). दादा, हे पत्र उघडं टाकून भट्टीकडे गेले आहेत, मी सगळं वाचलं. पोत्यावर बसून मी रडले नव्हते, डोळ्यांत मैदा गेला होता. बाकी सगळं खरं आहे. लग्नाला यायचं मी पक्कं ठरवलं आहे आणि माझा शब्द मी मोडायची नाही. पण थोरल्या भावानंच येऊ नकोस म्हटलं तर माझं काय चालणार? पोरीला आधी विचार, तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर काही लिहू नकोस, मी येते. नाही आलं, तर मात्र नीट रागाव, पायरीला रागावला होतास तसा. वस्तादांना मी अजून काही कळवलेलं नाही. यांना पत्र टपालात टाकायचं लक्षात राहत नाही, म्हणून मीच टाकून येते आहे. लवकर रागाव.